कडेला उभे राहून न येणारा खेळ

क्रिकेट मुंबईच्या पारशी पोरांना कोणी शिकवले नाही. एस्प्लनेडच्या मैदानावर गोरे शिपाई आणि अधिकारी खेळत, ही पोरे कडेला उभी राहून बघत, वाट चुकलेला चेंडू परत फेकत आणि संध्याकाळी मिळेल त्या फळकुटाने तोच खेळ खेळत. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला आणि पुढे बेचाळीस वर्षांनी, १८९० साली, पारशांच्या संघाने इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला हरवले. रग्बी आपल्या देशात आली तीही गोऱ्यांच्याच हातून, अशाच मैदानावर आणि जवळपास त्याच काळात. १८७२च्या नाताळात कलकत्त्यात तिचा मोठा सामना झाला. पण भारताचा पंधरा जणांचा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला १९९८ साल उजाडावे लागले. मध्ये सव्वाशे वर्षे गेली. याची कारणे आपल्याकडे ठरलेली आहेत: खेळ रांगडा, आपली चण लहान, आपली जमीन कडक. ही कारणे तपासली की एकही नीट टिकत नाही. माझ्या मते खरे कारण खेळाच्या घडणीतच आहे. रग्बी बघून येत नाही, ती कोणीतरी शिकवावी लागते. म्हणून नवख्याला क्लबाच्या कुंपणापाशी अडवले की क्रिकेट किंवा फुटबॉल कुंपणावरून बाहेर येतात, रग्बी मात्र आतच राहते.

हे पटायला एक साधी गोष्ट जवळून पाहावी. समोरून चेंडू घेऊन धावत येणाऱ्या गड्याला पाडायचे असते, हाच टॅकल. बघणाऱ्याला वाटते की धडक द्यायची आणि काम झाले. नवखा तेच करतो, मान पुढे घालतो आणि समोरच्याच्या गुडघ्याचा किंवा कमरेचा मार थेट डोक्यावर घेतो. शिकवणारा त्याला आधी उभ्याने टॅकल करूच देत नाही. दोघांनाही गुडघ्यांवर बसवतो. डोके समोरच्याच्या अंगाच्या आतल्या बाजूला न जाता मागे, त्याच्या नितंबाला गाल चिकटेल असे ठेवायला लावतो. खांदा मांडीत रुतला पाहिजे, दोन्ही हातांची मिठी पक्की बसली पाहिजे, नजर खाली जाता कामा नये. मग पाडलेल्याला लगेच सोडून द्यायचे, आणि पडलेल्यानेही चेंडू कवटाळून न बसता आपल्या माणसांच्या बाजूला ठेवून द्यायचा. यातली एकही गोष्ट प्रेक्षकाला दिसत नाही, त्याला दिसतो तो धुरळा. स्क्रमचे, म्हणजे एकमेकांत खांदे अडकवून दोन्ही बाजूंनी रेटण्याचे, तर विचारायलाच नको. आठ विरुद्ध आठ, सोळा माणसांचे वजन पहिल्या फळीतल्या सहा जणांच्या मानांवर येते. म्हणून पंचाच्या ‘क्राउच, बाइंड, सेट’ या तीन हुकमांखेरीज कोणी पुढे सरकायचे नसते. त्यात पास फक्त मागे. पुढे जायचे तर चेंडू मागे द्यायचा, हे डोक्याला पटले तरी हातांना पटायला आठवडे लागतात. आपल्याकडच्या कुस्तीशी याचे नाते आहे. फडावर शंभर कुस्त्या पाहिल्या म्हणून कोणी पैलवान होत नाही, त्याला तालीम लागते आणि वस्ताद लागतो.

खेळ जन्मला तोही तालमीसारख्याच जागी. इंग्लंडमधल्या वॉरिकशायर परगण्यातल्या रग्बी या गावच्या निवासी शाळेत. विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने १८२३ साली चेंडू उचलून धूम ठोकली आणि खेळ सुरू झाला, ही कथा एलिस वारल्यावर चार वर्षांनी प्रथम छापून आली, तीही ज्याने स्वतः काही पाहिले नव्हते अशा माणसाच्या सांगीवरून. विश्वचषकाला एलिसचे नाव दिले गेल्याने ती आता कोणी खोडणार नाही. इतिहासाला अधिक उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. त्या शाळेच्या मैदानावर नवख्याला जागा होती. १८३९ साली विधवा राणी ॲडलेड शाळेत आली तेव्हा एका वसतिगृहाची पंचाहत्तर मुले विरुद्ध बाकी सगळी शाळा असा सामना झाला. म्हणजे कोवळ्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या दादांपर्यंत जवळपास सगळेच एका चेंडूमागे. लहान मुलांना गोलाच्या रेषेवर उभे करत. तिथे त्यांना फारसे करायचे नसे, पण खेळ त्यांच्या अंगावर येऊन आदळे आणि थोरली मुले त्यांना ओरडून, ढकलून शिकवत. टॉमस ह्यूजने १८५७ साली लिहिलेल्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीचा नायक शाळेत पाऊल टाकतो त्याच दिवशी अशा सामन्यात सापडतो. आधी त्याला नियम समजावणारा एक सोबती भेटतो, मगच झटापट. १८४५ साली नियम पहिल्यांदा कागदावर उतरवले तेही शाळेतल्या मुलांनीच, आणि ते इतके त्रोटक आहेत की बाहेरच्याला त्यावरून खेळ उभा करता येऊ नये. लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले होते की वाचणारा इथेच राहतो आणि बाकीचे त्याला थोरल्यांकडून कळेल. हे गृहीत खेळाने पुढे जगभर बरोबर नेले.

कलकत्त्यात ते किती महागात पडले, हे पाहण्यासारखे आहे. १८७२ साली नाताळच्या दिवशी तिथे इंग्लंडचे वीस विरुद्ध स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस असा सामना रंगला. लोकांना तो इतका आवडला की आठवड्यात पुन्हा खेळला गेला. जानेवारी १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. वर्षभरात सभासद झाले १३७. १८७४ साली क्लब लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनमध्ये सामील झाला, तेव्हा ती युनियनच जेमतेम तीन वर्षांची होती. मग क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि सभासदांचा उत्साह ओसरला, असे या क्लबाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. ते खरेही असावे, पण दारू हे निमित्त म्हणू. खरा घाव पलटणींच्या बदल्यांचा होता. खेळणारे बरेचसे फौजेतले. १८७६ साली एक पलटण शहरातून हलली आणि संघ उभा करणेच कठीण झाले. उरलेल्यांना टेनिस आणि पोलो या हवेला अधिक सोयीचे वाटू लागले. क्लब मोडला. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली गेली, ते रुपये वितळवून भारतीय कारागिरांकडून एक चषक घडवून घेतला आणि तो लंडनच्या युनियनला भेट दिला. त्याला तीन नागांच्या आकाराच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या ‘कलकत्ता कप’साठी खेळतात, आजही.

चषकाची ही गोष्ट हौसेने सांगितली जाते. तिच्यातली विसंगती क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. चार लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात एका क्लबाला खेळाडू मिळेनात म्हणून तो बंद पडला. त्या चार लाखांपैकी कोणाला शिकवून तयार करावे, हा विचार त्या काळच्या चालीत बसणाराच नव्हता. साहेबाला त्याबद्दल आज दोष देण्यात फारसा अर्थ नाही, क्रिकेटमध्येही तो कोणाला बोलवायला गेला नव्हताच. फरक एवढाच की क्रिकेटला बोलावण्याची गरज पडली नाही.

याच शहरातली, क्लब आचके देत होता त्याच १८७७ सालची दुसरी एक कथा आहे. हेअर स्कूलचा विद्यार्थी नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी याने मैदानावर गोऱ्या सोल्जरांचा खेळ पाहिला, अंगावर आलेला चेंडू लाथेने परत धाडला आणि त्याला त्या खेळाचे वेडच लागले. वर्गातल्या मुलांनी वर्गणी काढून दुकानातून चेंडू आणला. तो निघाला लंबगोल, रग्बीचा. मुले शाळेच्या आवारात तो कसाबसा लाथाडत असताना प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या स्टॅक नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने पाहिले, हसून त्यांना गोल चेंडू मिळवून दिला आणि त्या चेंडूचा खेळ दाखवला. बंगाली फुटबॉलचा उगम असा सांगतात. वेब एलिसच्या कथेसारखीच हीही वाढवून सांगितलेली असू शकेल. पण ती खोटी मानली तरी तिच्यातून त्या काळाची जाण दिसते: लंबगोल चेंडू हातात असूनही मुलांना त्याचे काय करायचे ते उमगत नव्हते, आणि ज्या एका शिक्षकाने लक्ष घातले त्याने दुसरा खेळ शिकवला. चौतीस वर्षांनी, २९ जुलै १९११ रोजी, मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकली. स्टॅकसाहेब त्या दिवशी रग्बी जाणणारे आणि रग्बीचे भक्त असते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात विचारू नये म्हणतात. मला तो विचारावासा वाटतो, कारण त्याचे उत्तर इतर दोन देशांत प्रत्यक्ष सापडते.

पहिला जपान. योकोहामा बंदरातल्या परदेशी लोकांनी १८६६ सालीच फुटबॉल क्लब काढला होता आणि ते आपसात रग्बी खेळत. तेहतीस वर्षे शहरातले जपानी लोक तो खेळ बघू शकत होते, तरी खेळत नव्हते. कलकत्त्याचाच नमुना. १८९९ साली केइओ विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क याला वाटले की पोरे शरद ऋतूत नुसती रेंगाळतात, त्यांना काहीतरी मैदानी खेळ हवा. त्याचे जपानी तोकडे होते. बारकावे समजावून सांगता येईनात, म्हणून त्याने केंब्रिजमधला मित्र तानाका गिन्नोसुके याला जोडीला घेतले. एकाला खेळ येत होता, दुसऱ्याला खेळही येत होता आणि मुलांची भाषाही. दोन वर्षांनी ही मुले योकोहामाच्या गोऱ्यांशी खेळली आणि सपाटून हरली, पण खेळ रुजला होता. पुढे क्योटोतल्या शाळा-कॉलेजांत आणि वासेदा विद्यापीठात तो गेला. २०१५च्या विश्वचषकात जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवले, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. लहान चणीचा मुद्दा खरे तर त्या दुपारीच निकालात निघायला हवा होता.

दुसरा देश आपल्या अगदी शेजारचा, श्रीलंका. तिथेही कोलंबोच्या गोऱ्यांचा आणि मळेवाल्यांचा खेळ म्हणूनच रग्बी सुरू झाली. पण कँडीमध्ये १८९१ साली एल. ई. ब्लेझ या स्थानिक, मिश्रवंशीय बर्गर समाजातल्या शिक्षकाने शाळा काढली, तीच पुढे किंग्जवूड कॉलेज झाली, आणि तिथे त्याने मुलांना रग्बी शिकवायला घेतली. १९०६ साली किंग्जवूड आणि ट्रिनिटी या कँडीच्याच दोन शाळांचा सामना झाला. या मुलांतून खेळाडू निघाले, खेळाडूंतून प्रेक्षक, आणि १९२२ साली सिलोनी खेळाडूंचा स्वतःचा क्लब उभा राहिला. आज तिथल्या शाळांच्या रग्बी सामन्यांना जी गर्दी होते, ती आपल्याकडे शालेय क्रिकेटलाही होत नाही. क्रम लक्षात घ्यावा: आधी शाळा, मग क्लब. मुंबई आणि कलकत्त्यात आधी क्लब आला आणि शाळा आलीच नाही.

‘आलीच नाही’ हे थोडे अधिक झाले. कलकत्त्यात ला मार्टिनियर होती, आर्मेनियन कॉलेज होते, दोन्हींच्या मुलांनी रग्बी खेळली आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचे संघ शहरात दीर्घकाळ टिकले. हा माझ्या म्हणण्याला छेद वाटेल. मला तो आधार वाटतो. जिथे शाळेने शिकवले तिथे खेळ राहिला. त्या शाळा अँग्लो-इंडियन आणि आर्मेनियन अशा छोट्या समाजांच्या होत्या, म्हणून खेळही तेवढ्याच परिघात राहिला.

आता कडक जमिनीचा आक्षेप. रग्बीला ओली, भुसभुशीत जमीन हवी हे खरेच, उन्हात तापलेल्या मैदानावर पडणे म्हणजे कातडे सोलून घेणे. पण मुंबईत म्हणूनच रग्बी पावसाळ्यात खेळतात. १८७५ साली निघालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर क्रिकेटवाले पावसाळ्यात बाजूला होत आणि चिखलात रग्बीवाले उतरत. अखिल भारतीय स्पर्धा १९२४ पासून आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर जसली जमीन असते तसली मिळावी म्हणून इंग्लंडमधल्या क्लबांना फार काही करावे लागत नाही, आपल्यालाही नाही. त्या चार महिन्यांत मुंबईच्या पावसाळी कांगा लीगचे हट्टी क्रिकेटपटू सोडले तर आपली मैदाने रिकामीच असतात.

राहिला अंगस्पर्श, सोवळे आणि चामड्याचा प्रश्न. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. टिंडेल-बिस्को या पाद्री शिक्षकाने १८९१ साली श्रीनगरच्या मिशन शाळेत मुंबईहून चामड्याचा फुटबॉल नेला, तेव्हा ब्राह्मण मुलांनी त्याला पाय लावायला साफ नकार दिला. बिस्कोने त्यांना जबरदस्तीने मैदानावर उतरवले. त्याची पद्धत आज कोणी मान्य करणार नाही, पण त्यानंतर काश्मीरात फुटबॉल राहिला, एवढे घडले. म्हणजे विटाळाची भिंत होती, आणि ती शाळेनेच ओलांडली. अंगाला अंग भिडण्याबद्दल तर महाराष्ट्राने बोलूच नये. हुतुतूला नियमांत बांधून कबड्डी घडवण्यात इथल्या आणि बडोद्याच्या व्यायामशाळांचा मोठा हात होता, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती बर्लिनला नेऊन दाखवली. चढाई करणाऱ्याचा घोटा किंवा मांडी धरून त्याला मातीत लोळवणारा समाज टॅकलला बिचकला, हे मला पटत नाही.

एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे परतवू शकत नाही. मुंबईत पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखाने १८८५ ते १८९४ या नऊ-दहा वर्षांत उभे राहिले, त्यांच्याकडे पैसा होता, मैदाने होती, साहेबाला हरवण्याची ईर्षा तर भरपूर होती. मग त्यांनी रग्बीचा शिक्षक का नेमला नाही? कोणाला तो खेळ हवासाच वाटला नाही, असे का म्हणू नये? काही अंशी म्हणावे लागेल. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम संघांच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांना हजारो लोक येत ते ओळखीच्या खेळासाठी, आणि ज्या खेळात लोकांसमोर जिंकता येईल त्यातच कोणीही आपली ईर्षा ओतणार. पण हवासा वाटण्यासाठीही खेळ आधी थोडासा कळावा लागतो, आणि न शिकवलेल्या माणसाला रग्बी म्हणजे निव्वळ हाणामारी दिसते. फिजीत हे फार स्पष्ट दिसते. तिथल्या मूळ रहिवाशांत रग्बी १८८४च्या सुमारास देशी शिपायांच्या तुकडीतून शिरली. म्हणजे वरिष्ठ आणि हाताखालचे एकत्र राहतात, कवायत करतात अशा जागी. उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेले भारतीय त्याच बेटांवर, त्याच ओल्या मातीवर राहिले. त्यांनी १९३८ साली संघटना काढली ती फुटबॉलची. तिथे हवा एक, जमीन एक आणि साहेबही एकच होता. फरक होता तो कोणाच्या हाती खेळ शिकवून दिला गेला एवढाच. कोणी म्हणेल, चणीचाही फरक होता. होता, पण जपानने त्याचे उत्तर दिले आहे.

स्वातंत्र्यानंतर गोरे खेळाडू ओसरले, क्लबांनी भारतीयांना घेतले, फौजेने आणि पोलिसांनी संघ केले, आणि खेळ तग धरून राहिला. तो पसरू लागला या शतकात, आणि कुठे पसरला ते पाहिले की वरचा सगळा युक्तिवाद नव्याने सांगावा लागत नाही. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतल्या पोरांना थोड्याच महिन्यांच्या सरावानंतर २००७ साली लंडनला नेले आणि ती चौदा वर्षांखालची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आली. महिलांचा पंधरा जणींचा संघ २०१८ साली पहिल्यांदा उतरला, पुढच्याच वर्षी सिंगापूरला हरवून त्याने पहिला विजय मिळवला. त्याची कर्णधार वाहबिज भरूचा पुण्याची. संघातली स्वीटी कुमारी बिहारची, धावण्याकडून रग्बीकडे वळलेली. यांतल्या कोणालाही जिमखान्याचे सभासदत्व वारशाने आले नव्हते.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, सात-सात जणांची, झगमगाटासकट. दूरचित्रवाणीवर ती बघून मुले खेळायला लागतील, अशी आयोजकांची अपेक्षा असावी. क्रिकेटच्या बाबतीत ती रास्त ठरली असती. रग्बीत बघणारी मुले बघतच राहतील, जोवर त्यांच्या शाळेत कोणी ती शिकवणारा नसेल. म्हणून ज्या मुख्याध्यापकांकडे पावसाळ्यात ओस पडलेले मैदान आहे आणि कबड्डीची पकड शिकवणारा शिक्षक आहे, त्यांनी आधी त्या शिक्षकाला प्रशिक्षणाला पाठवावे आणि मग दोन लंबगोल चेंडू मागवावेत. पहिले वर्षभर मुलांच्या कमरेला फक्त कापडी पट्ट्या खोचाव्यात, पाडण्याऐवजी पट्टी ओढू द्यावी, मागे पास देण्याची हातांना सवय लावावी. टॅकल दुसऱ्या पावसाळ्यात, आणि तोही गुडघ्यांवर बसवून.